कॅमेऱ्यामागे कोण होतं

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, नवी खोली, म्हणून वहीसुद्धा नवी. जुन्या वहीत भरपूर कोरी पानं होती, पण नव्या घरात जुनी रडगाणी कशाला न्यायची?

दादा पोचवायला आला होता. माझं कपाट त्याने एकट्याने जिन्यावरून वर आणलं आणि खोलीत शिरताना दाराच्या चौकटीवर कपाळ दाणकन आपटून घेतलं. चौकट फारच खाली आहे. मी हसून हसून बेजार. मग महाशयांनी सामानाच्या खोक्यातला स्पंज फाडून चौकटीला चिकटवला आणि वर ऐकवलं की माझ्या डोक्यात मुळात काही नाही, जे उरलंसुरलं आहे ते तरी सांडू नये. भिंतीत फळी ठोकून दिली. ती तिरकी झाली आहे, पण तसं म्हटलं की त्याला राग येतो, म्हणून दहा वेळा म्हटलं.

मला अजून ‘भुंगा’च म्हणतो. लहानपणी मी दिवसभर घरभर कटकट करत फिरायचे म्हणे. आज नव्या मालकांच्या समोरही म्हणाला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जाताना मात्र गाडी सुरू करून नुसताच बसून राहिला आणि मग बजावलं की रोज दिवेलागणीला फोन करेन, उचलायचा. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना आहोत. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते.

दुकान खाली, माझी खोली वर. लोक घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट्स आणून देतात आणि आम्ही त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर घेऊन डिस्कवर उतरवून देतो. लग्नं, वाढदिवस, सहली, रांगणारी बाळं. मालक साठीच्या पुढचे, काटकुळे, मोजकं बोलणारे. दारामागच्या खुंटीवर रंगीत मुठीची बायकांची छत्री लटकते आहे. कुणी गिऱ्हाईक विसरलं का, असं विचारलं, तर म्हणाले की कुणाची आहे ते त्यांनाही माहीत नाही, पण ती काढायची नाही. असो. प्रत्येकाची एकेक तऱ्हा असते.

मंगळवार, ५ तारीख

काम मला आवडलं. कामाला घाई चालत नाही, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीन तासच लागतात. प्लेअरमध्ये ती चालू ठेवायची, समोर बसायचं आणि परक्यांची लग्नं बघत चहा प्यायचा. यासाठी पगारही मिळतो!

आधी कॅसेट उघडून बुरशी बघायची, प्लेअरचं हेड स्पिरिटने पुसायचं, मग टेप एकदा पुढे-मागे फिरवून सैल करायची. शेवटी डिस्क तपासली की कॅसेट ‘पुसणी’खाली धरायची. पुसणी म्हणजे एक जड लोखंडी पेटी. आत लोहचुंबक आहे. ती गुरगुरते आणि घटकाभरात टेप कोरी. जुन्या कॅसेट्स बहुतेकांना परत नको असतात आणि कुणाच्या घरचं कार्य तसंच भंगारात जाऊ नये, म्हणून ही पद्धत.

मालकांनी नियम एकच सांगितला, पण तीनदा सांगितला. टेपवर जे असेल ते सगळंच्या सगळं डिस्कवर गेलं पाहिजे. काही कापायचं नाही. कॅमेरा जमिनीकडे बघत असला तरी नाही, काळोख असला तरी नाही. सगळं उतरल्याशिवाय पुसणीला हात लावायचा नाही. का, ते सांगितलं नाही. माझ्या मते त्यांना कापायला येतच नसावं. कॉम्प्युटरवर नको तो भाग निवडून कापणं किती सोपं आहे!

दादाला फोनवर सांगितलं की कापू न देणारे मालक म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. तो म्हणाला की शाळेत मी लोकांच्या वह्यांतल्या चुकासुद्धा खोडायचे. खोटारडा.

गुरुवार, ७ तारीख

मालक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले. दुकान आठवडाभर माझ्या हाती. जाताना नियम चौथ्यांदा सांगितला.

आज एक निवृत्त शिक्षिका आल्या. गोड बाई. खडूने लिहून लिहून उजवा खांदा खाली आलेला. घरच्या सगळ्या शूटिंगच्या कॅसेट्स पिशवीत घालून आणल्या होत्या. म्हणाल्या की त्यांचा दीर मोठा वात्रट आहे. त्यांच्याच घरी राहतो, आणि कुणी कॅमेरा काढला की मध्ये येऊन नाचतो, त्याला तेवढं सांभाळून घ्या. डिस्क झाली की कॅसेट्स टाकून द्या.

बघितल्या. दीर खरोखर प्रत्येक ठिकाणी आडवा आलेला. बाळ पहिलं पाऊल टाकतंय आणि याची पाठ! बाई केक कापतायत आणि याचे हातवारे! नाच म्हणावा तर तोही नाही. त्यातून सगळं मिळून एका डिस्कवर मावत नव्हतं.

मालक दवाखान्यात. मी कापलं. तो जिथे जिथे आला तिथे तिथे कापलं. अगदी सफाईने, सांधा कुठे आहे ते मलाही सापडेना. एका डिस्कवर छान बसलं. बाई खूश होतील. कॅसेट्स पुसल्या.

शनिवार, ९ तारीख

दिवसभर आमच्या घरच्या कॅसेट्स केल्या. दादाने येतानाच पिशवी माझ्या हाती दिली होती, आता मशीनवाली झालीस तर घरचं काम फुकट कर म्हणून.

आई दिसली. जिन्यात बसून केस पुसणारी, कॅमेरा बघून तोंड फिरवणारी. बाबा सायकलला हवा भरताना. मी दोन वेण्यांची, दात पडलेली. रडू आलं, थांबलं, परत आलं. आई हसताना खालचा ओठ चावायची हे मी विसरलेच होते.

सगळं शूटिंग दादाचं. बाबांनी कॅमेरा आणला आणि दादाने तो बळकावला तो कायमचाच. त्यामुळे हा पठ्ठ्या स्वतः कुठेच नाही! आहे तो फक्त चुकून. कॅमेरा चालू आहे का बघायला भिंगात डोकावतो तेव्हाचं नाक. बंद करायला विसरला तेव्हाचे पाय. एकदा मी हट्टाने कॅमेरा घेतला होता, तेव्हाचं त्याचं तोंड, पण ते इतकं हलतंय की बघून मळमळावं. आणि सतत मागून बडबड. हसा, इकडे बघा, भुंग्या दात दाखव.

फोनवर त्याने विचारलं की मी दिसतो का गं कुठे. मी म्हटलं, नाक दिसतं, बास. खूप हसला.

नाक, पाय, ते हलणारं तोंड, सगळं काढलं. बडबडीच्या जागी सतारीचे सूर घातले. आता कसं नीटनेटकं झालंय! त्याच्या वाढदिवसाला देणार, त्याला अजून सांगितलेलं नाही. कॅसेट्स उद्या पुसते.

रविवार, १० तारीख

सकाळी घरच्या कॅसेट्स पुसल्या. दुपारी कपडे धुतले, झोप काढली. सुट्टी कशी अंगावर येते! नव्या गावात एकटीने येऊन राहणं बोलायला सोपं असतं. आई-बाबांनंतर माझं असं कुणीच नाही, म्हणजे विचारणारंही कुणी नाही आणि अडवणारंही नाही. त्यातल्या त्यात ते बरंच.

दिवेलागणीला एक गंमत झाली. मी फोन हातात घेऊन खाटेवर बसले होते. बराच वेळ. कुणाच्या फोनची वाट बघत होते ते आठवेना. पाय बधिर झाले तेव्हा उठले.

खोलीतली फळी तिरकी आहे. आधीच्या भाडेकरूचं काम असणार.

मंगळवार, १२ तारीख

शिक्षिका डिस्क न्यायला आल्या. इथेच लावून बघितली, डोळे पुसले, माझा हात हातात घेतला. मी गमतीने म्हटलं की तुमच्या दिरांना मी सांभाळून घेतलं हं.

त्यांनी विचारलं, कोण दीर.

मी म्हटलं, नाचणारे. त्या म्हणाल्या की त्यांचे यजमान एकुलते एक आहेत. मला वाटलं वय झालंय, विसरल्या असतील. पण त्या चांगल्या टवटवीत बोलत होत्या, पिशवीतल्या कॅसेट्स किती होत्या तेही बिनचूक सांगितलं.

दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या की चार-पाच दिवस झाले, एक विचित्र गोष्ट होते आहे. जेवायला बसताना त्या एक ताट जास्त घेतात. का, ते कळत नाही. आणि मागच्या खोलीत पुरुषाचे बूट आहेत. यजमानांच्या पायाचे नव्हेत. अंथरूणही आहे, वापरलेलं. यजमान म्हणतात चोर शिरला होता, कुलूप बदलूया. आणि त्यांना मात्र ते बूट बाहेर टाकवत नाहीत.

त्या गेल्यावर चहा केला आणि तो तसाच गार झाला. मी त्या माणसाला बघितलंय. पिवळा सदरा होता त्याचा.

खुंटीवरची छत्री आज मला बघवेना. तिच्याकडे पाठ करून बसले.

गुरुवार, १४ तारीख

मालक परत आले. डोळ्यावर हिरवी पट्टी. मी त्यांना काही सांगणारच नव्हते, नोकरी जायची भीती. त्यांनी चौकशी केली, खोली बरी आहे का, पाणी येतं का. आणि मग सहज विचारलं की तुमच्या भावाच्या कपाळाचं टेंगूळ उतरलं का.

मी म्हटलं, मला भाऊ नाही.

ते खुर्चीवर बसले. बसले म्हणजे पडलेच. मग विचारलं, काय कापलं?

मी सांगून टाकलं. दीर, आणि माझ्या घरच्या टेपमधला थोडा कचरा. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की दुकान नवीन होतं तेव्हा त्यांनीही स्वतःच्या घरची टेप अशीच नीटनेटकी करून पुसली होती. काय कापलं ते आता त्यांना आठवत नाही. फक्त शेजारीपाजारी बरेच दिवस विचारत राहिले की तुमच्या मंडळी कुठे दिसत नाहीत. त्यांना तर वाटायचं आपण ब्रह्मचारी. घरात साड्या होत्या. खुंटीला छत्री होती. टेपवरून पुसलं आणि डिस्कवर घेतलं नाही, तर ते माणूस कुठेच राहत नाही, असं ते म्हणाले. घरचे विसरतात, परक्यांना मात्र आठवतं. म्हणून मला दीर आठवतो. म्हणून त्यांना माझा भाऊ आठवतो.

मी वर पळत आले. ही वही उघडली. पहिलं पान.

अक्षर माझं आहे. दादा, दादा, दादा, पानभर. कपाट, स्पंज, फळी. वाचताना वाटत होतं की दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाचते आहे. या माणसाचं तोंड कसं होतं? आवाज कसा होता? कितीही डोळे मिटले तरी काही नाही.

दाराच्या चौकटीला स्पंज आहे. तो मी नाही लावला. माझा हात तिथे पोचत नाही.

मी रडते आहे आणि कुणासाठी ते मला माहीत नाही. असलं रडणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शुक्रवार, १५ तारीख, सकाळ

मालकांनी मार्ग सांगितला. कापलेले तुकडे कॉम्प्युटर लगेच फेकत नाही, बाजूला ठेवतो. त्यांनी स्वतःचे शोधले तेव्हा फार उशीर झाला होता. माझे आहेत! दिरांचेही आहेत. सगळे एका डिस्कवर पक्के उतरवले की, त्यांना वाटतं, माणूस परत येईल. त्यांना वाटतं. खात्री नाही.

तुकडे बघितले. एक मोठं नाक. मग दोन पाय, एका बोटाला पट्टी. मग हलणारं, हसणारं एका मुलाचं तोंड. मी ओळखत नाही त्याला. तो म्हणतोय भुंग्या, नीट धर, दोन्ही हातांनी धर.

दोन्ही हातांनी नाही धरलं मी.

मग घरच्या डिस्ककडे लक्ष गेलं. आईला बघून धीर येईल म्हणून लावली. सुरुवातीला कळलंच नाही काय चुकतंय. आई जिन्यात आहे, पण चित्र तिरकं आहे. शनिवारी ते सरळ होतं. मग ते हळूहळू खाली घसरलं. आईचं तोंड गेलं, मान गेली, पायरी राहिली. बाबांच्या सायकलचं नुसतं चाक.

मालकांना बोलावलं. ते बघत राहिले. मग मीच म्हटलं ते, त्यांना म्हणवत नव्हतं. दादा नव्हताच, तर कॅमेरा कुणी धरला होता?

कुणीच नाही. कॅमेरा खाली पडतोय.

शुक्रवार, दुपार

कॉम्प्युटर एकच. एका वेळी एकच काम. एकतर घरच्या डिस्कवर जे उरलंय त्याची नक्कल काढायची, नाहीतर तुकडे उतरवायचे. दोन्हीला वेळ पुरणार नाही. डिस्क झरझर रिकामी होते आहे.

त्या डिस्कवर आई आहे, बाबा आहेत, आणि मी. तुकड्यांत फक्त तो, आणि त्याच्या तोंडी ‘भुंग्या’ एवढीच मी. कॅमेरा त्याच्याकडे वळला की मी कुठेच दिसत नाही. मालक म्हणतात आधी स्वतःला वाचव. ते खूप कळवळून म्हणाले. बाईंच्या दिरांचे तुकडे ते नंतर बघतील, त्यांनी शब्द दिलाय.

पण धरणारा परत आला तर चित्र परत येईल की नाही? मालक म्हणाले, एकदा रिकामं झालं की भरत नाही, त्याआधी आला तर बघायचं.

मी त्याला ओळखत नाही. पण तो कपाळ आपटल्यावर आधी माझ्या डोक्याचा विचार करणारा माणूस आहे. माझ्याच अक्षरात लिहिलंय.

तुकडे लावले.

नंतर

चालू आहे. पाव झालं असेल. घाई चालत नाही—

दुसऱ्या प्लेअरवर घरची डिस्क बघते आहे. बघायला नको, तरी. जिना गेला. सायकल गेली. दोन वेण्यांची मुलगी दात दाखवतेय, पण अर्धी. गळ्यापासून खाली.

आई हसताना काय करायची? मागे लिहिलंय. खालचा ओठ. लिहिलंय म्हणून कळलं.

नंतर

अर्धं झालं. मालक शेजारी बसलेत. माझा हात धरलाय. विचारतात नाव काय, सांगत राहा, थांबू नको. सांगते आहे. मगाशी एकदा अडखळले—

मुलीचे पाय राहिलेत फक्त. चपलेचा पट्टा तुटलेला.

कुणाची मुलगी ही?

नंतर

हे म्हातारे गृहस्थ रडतायत. डोळ्याला पट्टी असताना रडू नये. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ही वही माझ्या हातात दिली आणि लिही म्हणाले. अक्षर छान आहे कुणाचं तरी.

पडद्यावर नुसती जमीन. मग तीही नाही.

दुसरीकडे कॉम्प्युटरवरची, काम किती झालं ते दाखवणारी पट्टी भरत आलीय. भरली. डिस्क बाहेर आली. ते म्हणतात झालं, झालं. काय झालं ते—

बाहेर दिवे लागले. माझ्या खिशात फोन वाजतोय. माझा आहे का हा?

उचलला. एक माणूस. हसतोय. किती हसतोय! म्हणतो कपाळाचं टेंगूळ अजून दुखतंय, आणि भुंगा कुठे आहे, भुंग्याला दे—

चांगला वाटला आवाज. वाईट वाटलं त्याच्यासाठी. मी त्याला सांगितलं की दादा, तुमचा नंबर चुकलाय, इथे भुंगा नावाचं कुणी